माळ्यावर सापडलेली १९५५ची जमाखर्चाची वही

हिरवीमिरची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउनला घर घेतलं. हिक्सव्हिलची देशी दुकानं दहा मिनिटांवर, हा नवऱ्याचा एकमेव निकष. घर १९५० चं आहे, छोटंसं, वर माळा. परवा इन्सुलेशन घालायला माणूस आला होता त्यानं तुळईच्या मागून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला तुमचा खजिना. मी खरंच सोनं असेल म्हणून उघडला. आत निघाली एक जमाखर्चाची वही, १९५५ सालची, जानेवारी ते डिसेंबर, बाईंच्या अक्षरातली. शिवाय हिरव्या तिकिटांचं एक अर्धवट चिकटवलेलं पुस्तक. बास.

आम्हाला ज्यांनी घर विकलं ते तिसरे-चौथे मालक असावेत, त्यामुळे या बाई कोण ते काही कळत नाही. पण अक्षर इतकं सुरेख आणि हिशेब इतका काटेकोर की मी रात्री दीडपर्यंत वाचत बसले. एका शनिवारचं पान जसंच्या तसं देते: अंडी २ डझन १.२२, ब्रेड २ - .३६, बटाटे १० पौंड .५६, कॉफी १ पौंड .९३, लोणी .७१, साखर ५ पौंड .५२, स्टेक २ पौंड १.८०, गॅस (म्हणजे पेट्रोल) ५ गॅलन १.४५, पोस्टाची तिकिटं ४ - .१२. आणि सर्वात खाली "कोक, मुलाला, .०५". दर शुक्रवारी वर लाल पेनाने नवऱ्याचा पगार, ७८.४०. महिन्याच्या एक तारखेला "घर ५८.००". अठ्ठावन्न डॉलर!! आम्ही त्याच घराचे किती भरतो ते विचारू नका, बीपी वाढतं.

काय स्वस्ताई होती हो. दोन गोष्टी मात्र कळल्या नाहीत. ही हिरवी तिकिटं कसली? आणि जानेवारीत चार वेळा "एम. डी. .१०" असं लिहिलंय. एमडी डॉक्टर दहा सेंटमधे?

सिन्नरकर
मस्त धागा. पहिल्याच धाग्यात खजिना काढला तुम्ही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गणितकच्चं
५८ डॉलरमधे घर?? मी टाइममशीन घेऊन निघालो, कोणाला यायचंय त्यांनी हात वर करा.

खडूसकाका
हात खाली ठेवा आणि आधी गणित करा. "काय स्वस्ताई होती" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, आमच्याकडे लग्नाकार्यात म्हातारे लोक (मी पण त्यातलाच) आठ आणे शेर दुधाच्या गोष्टी सांगतात आणि पगार किती होता ते सोयीस्कर विसरतात.

१९५५ मधे अमेरिकेत कायद्याने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७५ सेंट होतं, १ डॉलर झालं ते १९५६ च्या मार्चमधे. म्हणजे डझनभर अंडी ६१ सेंटला, हे किमान वेतनवाल्याचे जवळजवळ ५० मिनिटांचे श्रम. महागाई धरली तर तेव्हाचा एक डॉलर म्हणजे आजचे साधारण १२. करा गुणाकार, अंडी सात डॉलरच्या वर गेली की नाही? २०२५ च्या मार्चमधे अंड्यांची सरासरी सव्वासहा डॉलर झाली तर अख्ख्या अमेरिकेने बोंब ठोकली होती, टीव्हीवर दुसरी बातमी नव्हती. तुमच्या बाई त्याहून महाग अंडी दर शनिवारी दोन डझन आणत होत्या आणि निमूटपणे वहीत लिहीत होत्या.

कॉफीचंही तेच. ९३ सेंट पौंड, आणि हे उतरलेले भाव बरं का. ब्राझीलमधे १९५३ ला हिमतुषार पडून कॉफीचे मळे करपले, तेव्हा १९५४ ला पौंडामागे डॉलरच्या वर गेली होती.

हिरवीमिरची
अय्या काका खरंच की! मी सगळीकडे मनातल्या मनात ८५ ने गुणत होते आणि रुपयात काढत होते 🙈

खडूसकाका
आणि ते ८५ पण चूक. तेव्हा डॉलर होता ४ रुपये ७६ पैसे, आणि पैसे तरी कुठले, आणे-पै. नवे पैसे १९५७ च्या एप्रिलपासून आले.

रातराणी
काका, अंडी महाग हे मान्य पण घराचं काय? ते स्वस्तच होतं ना? मिरची, तुझ्या घराची मूळ किंमत मी सांगू शकते, लेव्हिटाउनची १९४९-५० ची घरं ७,९९० डॉलरला होती. महागाई धरून आजचे एक लाखाच्या आसपास. आणि तुम्ही घेतलंत ते सहा लाखांच्या खाली नसणार.

हिरवीमिरची
सहाच्या बरंच वर. पुढे विचारू नये.

रातराणी
नाही विचारत. 😄 पण बघ ना, या बाईंच्या नवऱ्याचा आठवड्याचा पगार ७८, महिन्याचे धर ३४०. त्यातले ५८ घराला म्हणजे सतरा टक्के. आज न्यूयॉर्कच्या आसपास सतरा टक्क्यात कोण राहतं? म्हणजे पोटाला महाग आणि डोक्यावर छप्पर स्वस्त, आपल्या बरोबर उलटं.

मी आर्किटेक्ट आहे म्हणून थोडं वाहवत जाते, माफी. लेव्हिट कंपनीने बटाट्याच्या शेतांवर १७ हजारांवर घरं बांधली, १९४७ ते ५१ मधे. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागच्या जागी असतो, इथे घर जागच्या जागी आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकायच्या. एक टोळी नुसतं काँक्रीटचं जोतं घालणार, एक नुसती खिडक्या बसवणार, एक लाल रंग देणार आणि मागून येणारी दुसरी पांढरा देणार. तळघर नाही, लाकूड आधीच कापून आणलेलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज, हातात एक पै नसली तरी चालेल. हे सगळं एकत्र आलं म्हणून ५८ डॉलर.

आणि एक विचारते, तुमच्या हॉलमधे जिन्याच्या भिंतीत चौकोनी कोनाडा आहे का?

हिरवीमिरची
आहे!!! तुला कसं कळलं? आम्ही तिथे गणपती ठेवलाय, समई बरोबर बसते.

रातराणी
तो टीव्हीचा आहे. १९५० च्या मॉडेलमधे साडेबारा इंची टीव्ही भिंतीत बसवून घरासोबतच द्यायचे. 😂

हिरवीमिरची
नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो तरीच बाप्पाच्या मागे ती जुनी वायर कशाची आहे ते कळत नव्हतं.

चकली_बिघडली
म्हंजे ज्या कोनाड्यात आज बाप्पा बसलेत तिथे तेव्हा टीव्हीवरची विनोदी नटी ल्युसिल बॉल दिसत होती 😀 मला या बाईचं भयंकर वेड आहे. १९५३ च्या १९ जानेवारीला तिच्या सिरियलमधे तिला बाळ होतं तो एपिसोड साधारण ४ कोटी ४० लाख लोकांनी बघितला आणि दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवरचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी होता तो त्याहून कितीतरी कमी लोकांनी. गंमत म्हणजे "गरोदर" हा शब्द उच्चारायची चॅनलने परवानगी दिली नव्हती. पोट दिसतंय, बाळ येतंय, सगळ्या देशाला माहितेय, फक्त शब्द नाही. आपल्या आज्या नाही का "दिवस गेलेत" म्हणायच्या, तसंच.

टीव्ही किती झपाट्याने घुसला बघा, १९५० ला दहातल्या एका घरातसुद्धा धड नव्हता आणि १९६० ला दहातल्या जवळजवळ नऊ घरात. मिरची, वहीत टीव्ही डिनर आहे का? अॅल्युमिनियमच्या ट्रेमधे टर्की, मटार, रताळं, ओव्हनमधे गरम करायचं.

हिरवीमिरची
आहे, वर्षभरात एकदाच. "टीव्ही डिनर १ - .९८" आणि पुढे कंसात "महाग".

खडूसकाका
बाई शहाण्या होत्या. ९८ सेंट म्हणजे किमान वेतनाचे सव्वा तासाहून जास्त. एका जेवणाला.

सिन्नरकर
पाच सेंटच्या कोकवर कोणी बोललंच नाही. ही माझी आवडती गोष्ट, सांगूनच टाकतो.

कोकचा ग्लास १८८६ पासून, आणि पुढे लहान बाटलीही, १९५० च्या दशकापर्यंत पाच सेंटलाच होती. दोन महायुद्धं झाली, मंदी आली, साखर महागली, पण कोक पाच सेंट. एक कारण असं की १८९९ मधे दोन वकिलांनी कंपनीकडून बाटल्या भरायचे हक्क घेतले आणि त्या करारात कंपनी सिरप कायम एकाच भावाने द्यायचं कबूल करून बसली, कारण बाटलीतनं कोण पिणार असं मालकाला वाटलं होतं. पुढे करार बदलला तोवर जागोजागी मशीनं लागली होती आणि मशीन फक्त पाच सेंटचं नाणं घ्यायचं. आता भाव वाढवायचा तर सहा सेंट करता येत नाही, दोन नाणी कशी घेणार, एकदम दहा करावे लागणार म्हणजे दुप्पट! तर कंपनीच्या साहेबाने १९५३ ला थेट आयसेनहॉवरला गळ घातली की बाबा साडेसात सेंटचं नाणं पाड. म्हणजे थंड पेय विकायला देशाचं चलन बदला. अर्थखात्याने ऐकलं नाही.

आमच्या सिन्नरच्या स्टँडवर एक चहावाला होता त्याने सुट्टे नाहीत म्हणून कित्येक वर्षं भाव वाढवला नव्हता, त्याची आठवण आली.

गणितकच्चं
सुट्ट्याऐवजी गोळ्या द्यायच्या ना! अमेरिकेला हे सुचलं नाही म्हणून मागे राहिली.

मिशिगनचा_बाळ्या
उशिरा आलो धाग्यावर. हिरव्या तिकिटांचं आधी सांगतो. एस अँड एच ग्रीन स्टॅम्प्स. दहा सेंटच्या खरेदीवर दुकानदार एक तिकीट द्यायचा, घरी आणून जीभ लावून पुस्तकात चिकटवायची, १,२०० तिकिटांचं एक पुस्तक, म्हणजे १२० डॉलरची खरेदी. अशी पुस्तकं साठवून त्यांच्या केंद्रावर न्यायची आणि टोस्टर, दिवा, चादरी असलं काही घ्यायचं. फुकट वाटायचं पण दुकानदार त्या कंपनीला पैसे मोजायचा आणि भावात वसूल करायचा. माझी घरमालकीण सांगायची की लहानपणी तिला तिकिटं चाटायचं काम होतं, जिभेवर ती चव अजून आहे म्हणते.

चकली_बिघडली
आई साबणाची रिकामी वेष्टनं साठवून स्टीलचा चमचा आणायची. सेम.

मिशिगनचा_बाळ्या
आता "एम. डी.". ते डॉक्टर नाही ताई. मार्च ऑफ डाइम्स. पोलिओसाठीची वर्गणी. दर जानेवारीत गोळा करायचे कारण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा वाढदिवस ३० जानेवारीला, त्याला स्वतःला त्या आजाराने पांगळं केलं होतं. प्रत्येकाने एक डाइम द्यायचा, दहा सेंट. म्हणूनच तो गेल्यावर १९४६ पासून डाइमवर त्याचा चेहरा आला. बायका संध्याकाळी गल्लीतून फिरायच्या, ज्याला द्यायचेत त्याने पोर्चचा दिवा लावून ठेवायचा.

आज दहा सेंट म्हणजे काही नाही वाटत, पण १९५२ चा उन्हाळा काढून बघा, त्या एका वर्षात अमेरिकेत जवळजवळ ५८ हजार केसेस आणि तीन हजारांवर मृत्यू, बहुतेक लहान मुलं. उन्हाळा आला की पोहण्याचे तलाव बंद, थिएटरला मुलांना न्यायचं नाही, गर्दीत न्यायचं नाही. आपण २०२० मधे जे केलं ते त्या आया दर उन्हाळ्यात करत होत्या.

त्या दहा-दहा सेंटमधूनच डॉ. साल्कच्या पोलिओ लशीचा खर्च निघाला, १८ लाख मुलांवर चाचणी झाली आणि निकाल जाहीर झाला आमच्या इथे, अॅन आर्बरला, विद्यापीठाच्या रॅकहॅम सभागृहात. मी रोज त्या इमारतीवरून जातो. १२ एप्रिल १९५५. रूझवेल्ट गेला त्याला बरोबर दहा वर्षं. लस सुरक्षित आहे, चालते, एवढं ऐकल्यावर देशभर चर्चच्या घंटा वाजवल्या लोकांनी. ताई, तुमची वही त्याच वर्षाची आहे, १२ एप्रिलच्या पानावर काय आहे?

हिरवीमिरची
थांबा बघते.

...

काहीच नाहीये हो. वर तारीख आहे आणि खाली पान कोरं. अख्ख्या वहीत असं एकच पान. ही बाई तीन सेंटचं तिकीट लिहायला विसरत नाही. दुसऱ्या दिवशी १३ एप्रिलला दोन दिवसांचं दूध एकदम लिहिलंय.

रातराणी
बाई गं.

सिन्नरकर
🙏

गणितकच्चं
जाऊ दे, टाइममशीनचं तिकीट कॅन्सल.

खडूसकाका
कॅन्सल करायला आणखी एक कारण देतो. तुम्ही तिथे उतरला असतात तर घर मिळालंच नसतं. लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारात २५ वं कलम होतं, कॉकेशियन वंशाच्या माणसाशिवाय कोणालाही घरात राहू द्यायचं नाही, घरकामाला नोकर म्हणून मात्र चालेल. १९४८ ला सुप्रीम कोर्टाने असली कलमं कोर्टातून राबवता येणार नाहीत म्हटल्यावर शब्द गेले पण विक्री गोऱ्यांनाच. १९६० मधे वस्ती ८२ हजार आणि त्यात एकही काळा माणूस नाही. युद्धात तेही लढले होते, सैनिकांच्या कर्जाचा कायदा त्यांनाही लागू होता. पण मिसिसिपीत १९४७ मधे सरकारी हमीची तीन हजारांवर कर्जं दिली गेली, त्यातली काळ्यांना किती? दोन.

चकली_बिघडली
दोन हजार?

खडूसकाका
दोन. एक, दोन.

मिशिगनचा_बाळ्या
पण काका, "कॉकेशियन" म्हटलं तर आपण भारतीय चालतो की तांत्रिकदृष्ट्या? 😛

खडूसकाका
हा युक्तिवाद करून झालाय बाळ्या. भगतसिंग थिंड नावाचे गृहस्थ १९२३ ला सुप्रीम कोर्टात हेच म्हणाले. कोर्ट म्हणालं, शास्त्राच्या पुस्तकात असाल कॉकेशियन, रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. नागरिकत्वाचा हक्क पुन्हा मिळाला १९४६ ला, आणि नव्याने येऊन स्थायिक होणाऱ्यांना वर्षाला १०० भारतीय एवढाच कोटा. शंभर! आपल्या सोसायटीच्या गणपतीला जास्त माणसं येतात.

रातराणी
१९५२ च्या जूनमधे कोलंबियाने बाबासाहेबांना मानद एलएलडी दिली. कोलंबियापासून मिरचीचं घर गाडीने तासभर. मी परवाच तिकडे पुतळा बघायला गेले होते, आता हे वाचताना ते अंतर डोक्यात आलं.

सिन्नरकर
आणि १९५५ च्याच ऑगस्टमधे ह्यूस्टनच्या विमानतळावर भारताच्या राजदूताला, गगनविहारी मेहतांना, रेस्टॉरंटमधल्या गोऱ्यांच्या जागेवरून उठवून वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं होतं. परराष्ट्रमंत्री डलेसना माफी मागावी लागली. राजदूत होते म्हणून माफी. त्याच डिसेंबरात अलाबामातल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांचा बसवरचा बहिष्कार सुरू झाला, बसमधे गोऱ्यांना जागा सोडावी लागायची म्हणून, ३८१ दिवस लोक चालत गेले कामाला. तिकीट दहा सेंट होतं.

हिरवीमिरची
म्हणजे जानेवारीत पोर्चचा दिवा लावून डाइम द्यायचे त्याच गल्लीत. विचित्र वाटतंय आता वहीकडे बघताना. बाई प्रेमळ असणार असं मी ठरवूनच टाकलं होतं.

रातराणी
असेलही. दोन्ही असतं माणसात.

गणितकच्चं
अवांतर: तेव्हा तिकडून आपल्याकडे गहू यायचा ना, त्यातनंच गाजरगवत आलं असं आमचे शाळेतले सर सांगायचे. काँग्रेस गवत.

खडूसकाका
सगळ्यांचे सर सांगायचे. पीएल-४८० चा, म्हणजे त्या अमेरिकन गव्हाच्या योजनेचा, भारताशी करार झाला १९५६ च्या ऑगस्टमधे आणि पुण्यात गवताची नोंद झाली त्याच साली. इतक्या लवकर गहू येऊन, सांडून, गवत माजून, त्यावर कोणी लेख पण लिहिला? हां, १९५१ लाही अमेरिकेने आपल्याला गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, त्या गव्हातून आलं असेल तर मी नाही म्हणणार नाही, पण पीएल-४८० वर आळ घेऊ नका.

चकली_बिघडली
धागा भरकटला. गवतासाठी वेगळा धागा काढा की.

गवतावरून आठवलं, लेव्हिटाउनला उन्हाळाभर दर आठवड्याला हिरवळ कापायची सक्ती होती म्हणे, आणि कपडे वाळत घालायला दोरी बांधायची नाही, फक्त ती छत्रीसारखी गोल फिरणारी घडवंची चालेल, शनिवार-रविवारी तीही नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी मागच्या जन्मी तिथे असणार.

हिरवीमिरची
हो हो! त्या घडवंचीचा काँक्रीटमधे पुरलेला पाइप अजून आहे मागच्या अंगणात. मी त्याला तुळशीची कुंडी टेकवून ठेवलीये.

बरं, वही आता इथल्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहाला द्यावी असं नवरा म्हणतोय, त्याआधी सगळी पानं स्कॅन करतेय. आज डिसेंबर संपवला. ख्रिसमसला रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी घेतलीये मुलाला, टीव्हीवरच्या डेव्ही क्रॉकेटसारखी, ती त्या वर्षी प्रत्येक पोराला हवी होती म्हणे. आणि शेवटच्या पानावर वर्षाचा ताळा आहे. सगळं जमलंय, पगार, घर, किराणा, वीज, आणि मग एका ठिकाणी तीनदा खोडलंय. ४० सेंट लागत नाहीत. बाजूला बारीक अक्षरात पुन्हा एकदा बेरीज मांडलीये, तरी ४० सेंट कमीच. शेवटी रेघ मारून एक शब्द लिहिलाय, तो मला लागत नाहीये, "मिस" असं काहीतरी, पुढे ओघळ.

चकली_बिघडली
मिसलेनियस असणार. आईच्या वहीत दर महिन्याला असायचं ते, "किरकोळ". बाबा विचारायचे किरकोळ म्हणजे काय, ती म्हणायची किरकोळ म्हणजे किरकोळ.

खडूसकाका
४० सेंट म्हणजे आठ कोक. पोराला विचारा.